फुकटचा खेळ, न संपणारा डाव

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की वाटेत पिंगळी नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. भोवती काळीभोर जमीन. पावसाळ्यात सोयाबीन नि कापूस, थंडीत ज्वारी नि हरभरा. गावात पिंगळेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि एक देखणी दगडी बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत जाणारी विहीर.

समजा, या पिंगळीत आपला एक दोस्त राहतो. त्याचं नाव तुम्हीच काहीतरी ठेवा. आपण आपलं त्याला बंड्या म्हणू. हा बंड्या काही खरा नाही. पण त्याच्यासारखी मुलं गावोगावी आहेत, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आहेत, आणि कदाचित तुमच्या घरातल्या आरशातही एखादं दिसेल!

तर दिवाळीची सुटी आहे. बंड्याचे बाबा मोंढ्यात सोयाबीन घालून आले आहेत. हातपाय धुवायला गेले तेवढ्यात त्यांचा मोबाईल बंड्यानं पळवला. आता तो ओट्यावर बसून एका वेबसाईटवरचा खेळ खेळतो आहे. एकाच रंगाचे तीन गोळे जुळवायचे, की फट्! गोळे फुटतात, तारे उडतात. शेजारी आजी सूप घेऊन हरभरे निवडते आहे.

“काय करायलास रे तासाभरापासून?” आजी विचारते.

“गेम खेळायलोय आजी.”

“पैसे-बैसे पडायलेत का त्याला?”

“नाही गं. एकदम फुकट आहे!”

आजी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकते. म्हणते, “फुकट? अरे, त्यानं एवढं रंगीबेरंगी दुकान मांडलंय, दिवसरात्र उघडं ठेवलंय. मग त्याचा गल्ला कुठं हाय?”

बंड्या गप्प. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तुमच्या आला होता का? चला तर मग, आज आपण हा गल्लाच शोधू या.

गल्ला सापडला!

खेळ बनवणं हे काही स्वस्तातलं काम नाही. कुणी चित्रं काढतं, कुणी आवाज तयार करतं, कुणी प्रोग्रॅम लिहितं. शिवाय तो खेळ जगभरच्या लोकांना चोवीस तास मिळावा म्हणून मोठमोठे संगणक सतत चालू ठेवावे लागतात. त्यांना वीज लागते. एवढा खर्च करून खेळ फुकट वाटायला कोण बसलंय?

आता नीट आठवा. एक डाव संपला आणि दुसरा सुरू व्हायच्या आत काय आलं? जाहिरात! ‘पाच सेकंद थांबा’ असं लिहून एक साबण, एक मोटार, नाहीतर दुसराच एखादा खेळ तुमच्यासमोर नाचून गेला. जाहिरात देणारी कंपनी वेबसाईटला पैसे देते. बहुतेक वेळा हा हिशोब हजारात असतो. जाहिरात हजार वेळा दाखवली, की ठरलेली रक्कम. तुम्ही जाहिरातीवर बोट ठेवलंत, तर कधी कधी त्याचे वेगळे पैसे.

म्हणजे बंड्याचे पैसे गेले नाहीत हे खरं. पण बंड्याचं ‘बघणं’ विकलं गेलं. दुकानात वस्तू ठेवलेली असते, ती गिऱ्हाईक विकत घेतं. इथं मात्र उलटं आहे. इथं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातवाला, आणि वस्तू म्हणजे बंड्या!

यात लबाडीच असते असं मात्र समजू नका. आपल्या मुंबईतच ‘गेम्सटूविन’ ही कंपनी २००५ साली आणि ‘झपाक’ ही वेबसाईट २००६ साली सुरू झाली. वेबसाईट उघडा नि फुकट खेळा, अशी सोय त्यांनी भारतातल्या मुलांना दिली. वर्तमानपत्रातही जाहिराती असतातच की! फक्त एक फरक ध्यानात ठेवा. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपतं. घडी घालून ठेवून देता येतं. जाहिरातींवर चालणारा खेळ मात्र जितका लांबेल तितका त्याचा गल्ला भरतो. मग तो स्वतःहून कशाला संपेल?

दुसरा एक गल्ला डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही कोणता फोन वापरता, कोणत्या भागातून खेळता, किती वाजता खेळता, कशावर बोट ठेवता, ही सगळी माहिती गोळा करता येते. ती कळली, की कुणाला कोणती जाहिरात दाखवावी हे ठरवणं सोपं जातं. यासाठी आपल्या देशात २०२३ साली एक कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर आईवडिलांची परवानगी हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू करायचं ठरलं.

पण एक गंमत पाहा. वेबसाईट विचारते, ‘तुझं वय काय?’ आणि बंड्या ऐटीत ठोकून देतो, ‘जन्म १९९०!’ झालं! कायद्यानं बंड्यासाठी भिंत बांधली आणि बंड्यानंच तिच्यावरून उडी मारली.

खोक्यातलं कबूतर

अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते एका खोक्यात कबूतर ठेवत. खोक्यात एक बटण असे. कबुतरानं त्यावर चोच मारली, की दाणे मिळायचे.

प्रत्येक टोचणीला दाणे मिळाले, तर कबूतर भूक लागली की टोचायचं आणि पोट भरलं की बसायचं. मग स्किनरनी एक बदल केला. दाणे कधी मिळायचे, कधी नाही. कधी तीन टोचण्यांनंतर, तर कधी तीस. आता कबुतरानं कंटाळून टोचणं सोडून द्यायला हवं होतं, नाही का? झालं उलटंच! ते थांबेचना. टोच, टोच, टोच. न जाणो, पुढच्याच टोचणीला दाणे असतील! १९५७ साली स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी अशा प्रयोगांवर एक जाडजूड पुस्तकच लिहिलं.

आता बंड्याकडे पाहा. दोनदा हरला. तिसऱ्यांदा एकच गोळा कमी पडला. “अरेरे, थोडक्यात हुकलं!” चौथ्यांदा अचानक धडाधड सगळे गोळे फुटले, वाद्यं वाजली, सोन्याची नाणी पडली. मग पाचवा डाव, सहावा, सातवा. कधी मिळेल ते माहीत नाही, म्हणूनच बोट थांबत नाही.

बंड्या आळशी नाही की वाईट नाही. तुमचा-आमचा सगळ्यांचाच मेंदू असा चालतो. खेळ बनवणाऱ्यांना ते ठाऊक असतं, आणि आता तुम्हालाही ठाऊक झालं.

आणखी एक युक्ती सांगतो. २०१२ साली आलेला ‘कँडी क्रश सागा’ हा खेळ तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनीही खेळला असेल. त्यात पाच ‘जीव’ मिळतात. हरलं की एक जीव जातो आणि नवा मिळायला अर्धा तास लागतो. पाचही गेले की थांबायचं. वा, म्हणजे हा खेळ आपल्याला थांबवतो तर! हो, पण तिथं एक खिडकी उघडी ठेवलेली असते. थांबायचं नसेल तर पैसे द्या नि पुढे खेळा. म्हणजे ही नुसती विश्रांतीची जागा नाही. तिथंही एक छोटं दुकान आहेच!

पूर्वी डाव कोण संपवायचं?

बंड्याच्या आजीला विचारा, तुम्ही लहानपणी काय खेळायचा? ती सांगेल: सागरगोटे, वाघ-बकरी, आणि चिंचोके फोडून खेळायचा तो चौकोनी पटाचा खेळ. त्याला कुठं चल्लस आठ म्हणतात, कुठं अष्टाचंगा, तर कुठं चौकाबारा. चिंचोका दगडावर घासून दोन भाग करायचे. एक बाजू पांढरी, एक काळी. झाले फासे तयार! कोळशानं नाहीतर खडूनं पट काढायचा. खर्च शून्य. खरोखरीचा फुकट खेळ!

आणि तो संपायचा कसा? दिवस मावळला, पट दिसेनासा झाला, आईची हाक आली, की संपला. नाहीतर एक जण रडीचा डाव खेळला, की दोघं भांडून उठले. तरीही संपला!

मग १९९०च्या दशकात जत्रेत, बाजारात हातात मावणारे ‘ब्रिक गेम’ मिळू लागले. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून रांग भरायची. हा मूळ खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव या संगणकतज्ज्ञानं बनवला होता. त्याचं नाव ‘टेट्रिस’. ब्रिक गेमचा डाव संपवायचे त्याचे सेल! सेल उतरले की नवे घ्यायला वडील पैसे देतीलच असं नाही.

१९९७ साली नोकियाच्या फोनवर साप आला. फिनलंडच्या तानेली आरमांतो यांनी तो बनवला. खाऊन खाऊन साप लांब व्हायचा आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकायचा. डाव खलास!

त्यानंतर आली सायबर कॅफेंची दुकानं. झपाकसारख्या वेबसाईटवर खेळ फुकट असले, तरी कॅफेचा तास फुकट नव्हता. खिशात जेवढे पैसे तेवढाच वेळ. वेळ संपला की मालक हाक मारायचा, आणि मागं पुढचा गिऱ्हाईक उभाच असायचा.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि बघता बघता मोबाईलचं इंटरनेट अतिशय स्वस्त झालं. त्याच वर्षी नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ आला. २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये घराघरांतून लोक तो खेळू लागले. दूरच्या गावी अडकलेले मामा नि भाचे एका पटावर आले, हे केवढं सुख! आणि गंमत म्हणजे हा लुडो मुळात आपलाच. आपली पचीसी साहेबाच्या देशात गेली, १८९६ साली लुडो नावानं तिचं पेटंट घेतलं गेलं, आणि सव्वाशे वर्षांनी ती मोबाईलमधून परत आपल्याच ओट्यावर आली.

आता ही सगळी यादी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. मावळतीचा सूर्य, आईची हाक, उतरलेले सेल, सापाची शेपटी, कॅफेवाल्याची हाक. प्रत्येक वेळी डाव संपवायला दुसरं कुणीतरी होतं. आपण फक्त खेळायचं, उठवायला जग समर्थ होतं!

आज बंड्याच्या हातात जो खेळ आहे, त्याला अंधार होत नाही. नेट स्वस्त, चार्जर भिंतीला. खेळ संपवणारे सगळे पहारेकरी एकेक करून निघून गेले. मागं उरला एकटा बंड्या. डाव संपवायचं काम आता त्याचं त्यालाच करायचं आहे. हे काम तुमच्या आईवडिलांना तुमच्या वयात कधी करावं लागलं नव्हतं. म्हणून ते अवघड वाटलं तर लाजू नका.

शेवाळलेली पायरी

बारवेच्या वरच्या पायऱ्या कोरड्या, खडखडीत असतात. पाण्याजवळच्या पायरीवर मात्र शेवाळ असतं. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. घसरतो तो खालच्या पायरीवर.

फुकटच्या खेळांतही अशी एक पायरी असते. गोळे फोडता फोडता एक जाहिरात येते. ‘खेळा आणि जिंका! पहिले पन्नास रुपये आमच्याकडून!’ इथं पाय जपून टाका. इथून पुढं खेळ नाही, जुगार आहे. आणि ज्या फोनवर बंड्या खेळतो आहे, त्याच फोनमध्ये बाबांची बँक आहे. आडतीवरून मिळालेल्या सोयाबीनच्या पट्टीचे पैसे त्याच बँकेत जमा होतात. त्यातून दुकानदाराची खताची उधारी द्यायची, ताईची फी भरायची, रब्बीचं बियाणं आणायचं. आणि बाबा पिन टाकतात तेव्हा बंड्याचं लक्ष असतं. हो की नाही? चार महिन्यांचं पीक आणि चार-सहा आकड्यांचा पिन!

पैसे लावून खेळायच्या खेळांनी अनेक घरांची वाताहत केली. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांबद्दल नवा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला या कायद्यानं बंदी घातली आहे. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळून फसलेल्याला मात्र शिक्षा नाही. म्हणजे कुणी फसलं असेल, तर त्यानं घाबरून लपून बसायचं कारण नाही.

आणि बंदी नसलेल्या साध्या खेळांतही ‘हिरे घ्या’, ‘नाणी घ्या’, ‘नवा पोशाख घ्या’ असं चालूच असतं. ते हिरे खोटे असले, तरी त्यांच्यासाठी जाणारे रुपये खरे असतात!

चुकून पैसे गेले तर काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे घरी सांगायचं. लगेच. रागावतील, कदाचित खूप रागावतील, पण सांगायचं. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर मोठ्या माणसांनी लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळायची आशा कमी. आणि घरात सांगायला जागाच नाही, मनावर फार ताण आला आहे, असं वाटलं तर मुलांसाठी १०९८ हा फुकट क्रमांक आहेच. हा खरंच फुकट बरं का!

ज्यांनी खरंच फुकट दिलं

तुम्ही म्हणाल, मग सगळेच फुकट खेळ वाईट का? मुळीच नाही.

२०१४ सालच्या मार्च महिन्यात इटलीतल्या गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलानं शनिवार-रविवारच्या सुटीत एक खेळ तयार केला. २ आणि २ सरकवून ४ करायचे, ४ आणि ४ मिळून ८, असं करत २०४८ गाठायचे. त्या वेळी तशाच प्रकारचे दुसरे खेळ होते. त्यांवरून त्याला कल्पना सुचली, आणि ते त्यानं लपवलं नाही. आपण करू शकतो का, एवढंच त्याला बघायचं होतं. खेळ तर त्यानं फुकट दिलाच, पण तो कसा बनवला हेही सगळ्यांना उघड करून दिलं.

जॉश वॉर्डल या न्यूयॉर्कमधल्या इंजिनिअरची गोष्ट तर अगदी गोड आहे. त्याची जोडीदार पलक शाह हिला शब्दकोडी फार आवडायची. तिच्यासाठी त्यानं पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ‘वर्डल’ हा खेळ केला. २०२१ साली तो सर्वांसाठी खुला केला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे होते ९० जण. दोनच महिन्यांत ते तीन लाखांच्या वर गेले! जाहिरात नाही, नाणी नाहीत, जीव नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसाला एकच कोडं. सुटलं, संपलं, आता उद्या या. हा खेळ स्वतःच तुम्हाला उठवायचा! जानेवारी २०२२ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’ वर्तमानपत्रानं तो विकत घेतला.

गूगलच्या क्रोममध्ये २०१४ पासून एक डायनासोर आहे. नेट गेलं की तो दिसतो आणि निवडुंगांवरून उड्या मारत पळतो. त्याच्या निर्मात्यांनी एकदा गमतीनं सांगितलं होतं, की हा खेळ पूर्ण संपायला सुमारे एक कोटी सत्तर लाख वर्षं लागतील. तेव्हा तो ‘पूर्ण करूनच उठतो’ असं आईला सांगू नका!

मग चांगला खेळ ओळखायचा कसा? आजीसारखे तीन प्रश्न विचारायचे. याचा गल्ला कुठं आहे? हा माझ्याकडून काय मागतो: नाव, फोन नंबर, पैसे? आणि हा मला उठू देतो का? उत्तरं मिळाली, की खुशाल खेळा. खेळायला बसायच्या आधीच ठरवायचं, ‘तीन डाव’. आणि ते मोठ्यानं, आजीला ऐकू जाईल असं सांगायचं. मनातल्या मनात ठरवलेले तीन डाव कधी तेरा होतात ते कळत नाही.

करून पाहा: नवकंकरी

महाराष्ट्रात जुन्या लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरशीवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर पटखेळ कोरलेले सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतही ते आहेत. कोणी कोरले? पहारेकऱ्यांनी, वाटसरूंनी की गुराख्यांनी? कोरणाऱ्यानं आपलं नाव लिहिलं नाही. तो खेळून उठून गेला आणि पट पुढच्यासाठी ठेवून गेला.

त्यातलाच एक खेळ नवकंकरी. एकात एक असे तीन चौकोन काढा. बाहेरच्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यापासून आतल्या चौकोनाच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ ओढा. सगळ्यात आतला चौकोन मोकळाच ठेवा. कोपरे आणि रेघांच्या भेटी मोजा. बरोबर २४ जागा होतात. दोन खेळाडू, प्रत्येकाला नऊ खडे. एकाचे खडे, तर दुसऱ्याचे चिंचोके. आळीपाळीनं एकेक खडा मांडायचा. रेघेवर आपले तीन खडे ओळीत आले, की समोरच्याचा एक उचलायचा. सगळे मांडून झाले, की रेघेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवत खेळायचं. ज्याचे दोनच खडे उरले तो हरला.

म्हणजे हा डाव संपतो!

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलाच्या हातातून फोन हिसकावून घेतला, की तो डाव तेवढ्यापुरता थांबतो. मुलाला थांबता मात्र येत नाही. त्यापेक्षा एकदा शेजारी बसून त्याचा खेळ त्याच्याकडून शिकून घ्या. जाहिरात आली की दोघं मिळून म्हणा, ‘हा बघ गल्ला!’ पिन कुणाच्याही समोर टाकू नका, आणि खेळाच्या फोनवर पैशाचा व्यवहार शक्यतो ठेवू नका. घरात एकच फोन असेल, तर ॲपना कुलूप लावायची सोय वापरा.

आणि उगाच घाबरूनही जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळाच्या आहारी जाण्याचा समावेश आहे. पण तो आजार म्हणायला खेळावरचा ताबा सुटलेला असावा लागतो, शाळा, झोप, मित्र सगळं मागं पडलेलं असावं लागतं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. सुटीत दोन दिवस जास्त खेळलेलं मूल आजारी नसतं. तरीही काळजी वाटली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला संकोच नको.

आणखी एक. आपणही जेवताना फोन बाजूला ठेवतो का? मुलं पाहत असतात हं!

तर बालमित्रांनो, इकडे पिंगळीत काय झालं म्हणता? बंड्यानं आजीला विचारलं, “आजी, नवकंकरी येते का तुला?” आजीनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “आण खडू. पण नऊच्या नऊ खडे खाऊन टाकीन, मग रडायचं नाही!”

पहिला डाव आजीनं जिंकला. दुसराही आजीनंच. तिसरा अर्ध्यात असताना आतून हाक आली, “जेवायला चला!” बंड्या म्हणाला, “आजी, पट पुसू नकोस. उद्या खेळू.”

तुमच्या गावातल्या देवळाच्या ओट्यावर, वेशीपाशी, एखाद्या जुन्या पायरीवर असा कोरलेला पट आहे का? कुणा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन शोधा. सापडला तर त्यावर रंग नि खडू लावू नका. वहीत त्याचं चित्र काढा, आणि तो कसा खेळायचा ते आजी-आजोबांना विचारून आम्हाला कळवा.

कळवाल ना?